कागदाचा पाळणा

भाच्यानं नवीन फ्लॅट घेतलाय, तोही तिसऱ्या मजल्यावर. परवा पहिल्यांदाच गेले, तर लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत गुडघ्यांनी नको नको केलं. भाच्यानं दारातच एक बसकं, गोल स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाला, "मावशी, टेक आधी. आणि मग सांग, हे कशाचं आहे." या वयात टेकायला मिळालं की ते कशाचं आहे हे कोण बघत बसतंय? पण हात आपोआप कडेवरून फिरला. नखानं टिचकी मारली. लाकूड असं वाजत नाही.

"कागद आहे," तो अगदी खुशीत म्हणाला. "नुसता कागदाचा लगदा. पुण्याच्या प्रदर्शनातून आणलं. सांगूनसुद्धा कुणाला खरं वाटत नाही."

मला मात्र लगेच वाटलं. मी वाकून त्याचा वास घेतला, तर कसलाच वास नव्हता. पलीकडं खिडकीपाशी त्याची आई, म्हणजे माझी आक्का, खुर्चीत बसली होती. तिला हल्ली नीट ऐकू येत नाही. म्हणजे ऐकायचं नसतं तेव्हा येत नाही. ती बाहेरच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांकडं बघत राहिली आणि भाचा चहा ठेवायला आत गेला.

आमच्या कागदाला वास होता. भिजवलेल्या मेथीचा कडवट वास, चुलीवर शिजणाऱ्या चिंचोक्याच्या खळीचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली, कुजत आलेल्या ओल्या कागदाचा. सगळं घर त्यानं भरलेलं असायचं. तो वेण्यांत बसायचा, वह्यांत बसायचा, शेजारी बसणाऱ्या मुली नाक मुरडायच्या. मागच्या अंगणात दोन मोठे रांजण होते. त्यांत सिनेमाची जुनी पोस्टरं, हस्तपत्रकं, आमच्याच वह्यांची रद्दी भिजत पडलेली असायची. ती काढायची, उखळात कुटायची, मेथी वाटून मिसळायची, खळीला कीड लागू नये म्हणून मोरचुदाचा खडा टाकायचा. त्या मोरचुदानं माझी नखं कायम निळसर असत. किती कंटाळले होते मी त्या सगळ्याला, देवालाच माहीत. आणि परवा स्टूल हुंगत बसले होते.

हा सगळा पसारा दादांचा. दादा म्हणजे आमचे वडील. ते सिनेमाच्या स्टुडिओत खोटं सामान करायचे. 'खोटं काम' असंच त्याला म्हणत, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही. राजाचं सिंहासन, देवळाचे खांब, सावकाराची तिजोरी, गढीचा नक्षीदार दरवाजा, सगळं कागद, गोणपाट आणि खळ यांचं. खांब खांद्यावर टाकून दादा स्टुडिओच्या आवारातून निघाले की नवीन माणसं बघत राहायची. रंगाचं काम हुसेनचाचांचं. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. शिंगाची फणी आणि तेलकट फडकं घेऊन ते कागदावर सागाच्या रेषा अशा ओढायचे की सुतारानंसुद्धा हात लावून खात्री करावी. दोघांची सगळी मिजास एकाच गोष्टीत होती, की हा कागद आहे हे बघणाऱ्याला कळता कामा नये.

दादा म्हणायचे, "कॅमेरा मागं जात न्हाय." म्हणून त्यांच्या सामानाला पुढची बाजू असायची आणि मागची नसायची. आमच्या घरातलं कपाट पुढून बघाल तर अस्सल शिसवी, आणि मागून नुसता करडा लगदा. त्यात कुठं एखाद्या नटीचा अर्धा डोळा, कुठं जाहिरातीतली चार अक्षरं तशीच चिकटलेली. देव्हारा तसाच, रेडिओची तिवई तशीच. आई म्हणायची, "माझा समदा संसार भिंतीला पाठ लावून हुबा हाय." उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आक्का कपाट पुढं ओढून त्याच्या मागं बसायचो. तिथं गार असायचं. अर्ध्या राहिलेल्या नावांची पुरी नावं आक्का मला सांगायची. ती सांगेल ते मला खरं वाटायचं.

मग स्टुडिओतलं काम कमी होत गेलं. का झालं, कसं झालं, हे मला आजही धड सांगता यायचं नाही. एवढं आठवतं की दादा दुपारी घरात दिसायला लागले. दुपारी घरात दिसणारा बाप आम्हांला नवीन होता. हुसेनचाचा दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. दादा मात्र रांजणातला कागद काठीनं ढवळत बसायचे, कशासाठी ते न ठरवताच.

त्याच सुमारास आक्काचं लग्न झालं, मुरगूडला. शेतीवाडीचं घर, जावई गरीब स्वभावाचा आणि सासू खमकी. दादांनी लेकीला आरशाचं टेबल दिलं. त्यांच्या हातचं ते सगळ्यात देखणं काम होतं. वेलबुट्टी काय, मोराच्या मानेचे पाय काय, लग्नात बायका टेबलच बघत होत्या. पण मागची बाजू सवयीनं कोरी राहिली. ना रंग, ना तेल. इतकी वर्षं कॅमेऱ्यासाठी काम केलेल्या माणसाला, घराला मागची बाजू असते हे आठवलंच नाही. मुरगूडच्या घराच्या भिंती मातीच्या, पावसाळाभर ओल धरणाऱ्या. टेबलानं पाठीकडून पाणी ओढलं, गौरी-गणपतीपर्यंत फुगून वाकडं झालं, आणि एके दिवशी आरसा निसटून खाली आला. सासूनं सगळी आळी बोलावून दाखवली. "बापानं लेकीला कागुद दिलाय बघा." त्यानंतर आक्काच्या हातून दूध उतू गेलं तरी कागद निघायचा आणि भाकरी करपली तरी कागदच. आक्का हे आम्हांला हसत हसत सांगायची, आणि ते हसू बघवायचं नाही.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पहिल्या नातवंडाचा पाळणा माहेरानं द्यायचा, ही आमच्याकडची रीत. रात्रीची भाकरी खाताना दादा म्हणाले, "पाळणा मी करतो." आईनं मान वर केली नाही. आक्का जेवायची थांबली.

"दादा, मला लाकडाचा आणा," ती म्हणाली. "साधा असला तरी चालतोय. पर कागदाचा नको. पाया पडतो तुमच्या."

"बरं," दादा म्हणाले. आमच्या दादांच्या 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असायचा. दुसऱ्या दिवशी ते कबनूरला गेले आणि मागावरचं टाकाऊ सूत पोतं भरून घेऊन आले.

ते थंडीचे दिवस होते. गुऱ्हाळं सुरू झालेली, वाऱ्याबरोबर शिजणाऱ्या रसाचा वास पेठेपर्यंत यायचा. दादा गुऱ्हाळावरून उसाची चिपाडं आणायचे, कुटून कुटून त्यांचा भुगा करायचे. अंगणात त्यांनी मातीचा पालथा पाळणा घडवला, म्हशीच्या पोटासारखा गोलसर, आणि त्यावर चाळलेली राख पसरली, म्हणजे लगदा मातीला धरणार नाही. मग थर. कागद, सूत, चिपाडाचा भुगा, मेथी, खळ. एक थर उन्हात खडखडीत वाळला की वरून सुताचे आडवे-उभे फेरे, मग दुसरा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सकाळी लगदा मळायचा आणि तसेच हात धुऊन तासाला जाऊन बसायचं. एकदा मी वैतागलेच. म्हटलं, "ती नको म्हणतीय तर कशाला एवढं? बाजारात पाळणे मिळत नाहीत काय?"

दादा थर थापटत होते. "सिंहासनावर राजा बसायचा न्हवं, तवा आत सुताराचं खोकं असायचं," ते म्हणाले. "माझ्या कामावर आजवर खरं कोण बसलंच न्हाय. एक लेकरू तेवढं झोपू दे. मग काय बी करायचं न्हाय मला."

मी गप मळायला बसले.

माती फोडून काढली तेव्हा आतून तो पाळणा कवडीसारखा गुळगुळीत निघाला. दादांनी या खेपेला बाजू सोडली नाही. आतून, बाहेरून, बुडाला, कडेच्या आतल्या वळणाला, जवसाच्या तेलात राळ शिजवून हात दिले. एक हात मुरला की दुसरा. शेवटी त्याचा रंग काकवीसारखा झाला आणि तेलाखाली कागदाचे कपटे, सुताचे धागे, कुठंकुठं एखादं अक्षर दिसत राहिलं. हुसेनचाचा फणी आणि रंगाचे डबे घेऊन आले. "काय काढू मिस्त्री, साग का शिसव?"

"काय बी नको," दादा म्हणाले. "कागुद हाय तर कागुदच दिसू दे."

चाचा फणी हातात धरून उभेच. "अरे, धंद्याची अब्रू घालवतोस काय?" ते खरंच दुखावले. चहासुद्धा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून आले, नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन, आणि दोघं दिवसभर तो पाळणा घोटत बसले. दुपारी आक्का पोट सावरत दारात आली. तिनं पाळण्याच्या कडेवर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवूनच उभी राहिली. दादांनी तिच्याकडं बघितलं नाही, पण त्यांचा हात थांबला होता, तेवढं मी पाहिलं.

बारशाला मुरगूडहून सासू आली, बरोबर बायकांचं लटांबर. घरात घुगऱ्या शिजत होत्या. तुळईला पाळणा टांगलेला. सासूनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं.

"पावणं, हे बी कागुदच व्हय?"

जन्मभर कागदाला लाकूड म्हणत आलेले आमचे दादा दाराशी उभे होते. "व्हय," ते म्हणाले. "आतनं बाहेरनं कागुद हाय."

बारशात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. कुंची घालून, बाळासारखा सजवून. एक बाई पाळण्यावरून देते, दुसरी खालून घेते. सासूनं आमचा वरवंटा मागवला, कुंची बांधली, आणि हळू ठेवायचा सोडून वरूनच सोडून दिला. धप्प आवाज झाला. दोऱ्या करकरल्या, पाळणा झुलला आणि हळूहळू थांबला. तिनं वाकून आत बघितलं. मग दोन्ही हात कडेवर ठेवून अंगाचा भार दिला. काहीसुद्धा झालं नाही. मुरगूडकडचीच एक बाई म्हणाली, "वजन धरलं की वो." बायका हसल्या. दादांच्या तोंडावर रक्त चढलेलं मला दिसलं. स्टुडिओत एवढी सिंहासनं गाजली, तेव्हा ते असे दिसले नव्हते.

"दगडाला काय हुतंय," सासू म्हणाली. "दगड रडत न्हाय का मुतत न्हाय. माझा नातू ह्यात झोपायचा न्हाय." आणि ती आक्काकडं वळली. "लेकराची आण हाय तुला, सूनबाई."

झालं. लेकराची आण घातल्यावर कोण आई काय करणार? नाव मांडीवरच ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. दादा अंगणात जाऊन हात धूत राहिले, धुण्यासारखं हाताला काही नसताना. मला आजही त्या बाईचा राग येतो. ती मेली, तिला मरूनही जमाना झाला, तरी येतो.

सव्वा महिना आक्का आमच्याकडं होती. बाळ लुगड्याच्या झोळीत झोपायचं आणि शेजारी पाळणा रिकामा लटकायचा. रिकामा पाळणा बरा नव्हे, म्हणून आई त्यात वरवंटा ठेवायची. सकाळी चटणी वाटायची वेळ झाली की पाळण्यातनं वरवंटा काढायचा, वाटण करायचं, धुवायचा, पुसून कोरडा करायचा आणि परत पाळण्यात. शेजारणी चेष्टा करायच्या, "काय वो, थोरला झोपला का?" आई हसून घ्यायची. दादा जाता-येता पाळण्याला एक झोका द्यायचे. दगडाला झोका देणारा माणूस बघताना माझा जीव नुसता शिणून जायचा. आक्का हे सगळं झोळीशेजारी बसून बघत होती.

जायच्या दिवशी आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो. जावई न्यायला आले होते. आक्कानं बाळ माझ्याकडं दिलं आणि दादांना म्हणाली, "पाळणा द्या बरोबर. म्हातारीची समजूत काढतो मी तिकडं. आण परत घ्यायला लावतो. झोपवतो बघा त्यात."

"राहू दे," दादा म्हणाले.

"द्या म्हणतो न्हवं."

दादा रिक्षानं उलटे घरी गेले आणि पाळणा घेऊन आले. गाडीच्या मागच्या शिडीनं स्वतः टपावर चढले, हमालाला हात लावू दिला नाही. बोचकी आणि पोत्यांच्या मधे पाळणा बांधून, गाठी पुन्हा पुन्हा ओढून बघून खाली उतरले. गाडी निघाली तेव्हा त्यांनी खिडकीकडं बघितलं नाही, टपाकडंच बघत राहिले. त्या दिवसापासून ते गुणगुणायला लागले. आईनं रांजण घासून पालथे घातले तरी काही बोलले नाहीत.

उन्हं तापायला लागली तसं त्यांना राहवेना. मला घेऊन एका बाजाराच्या दिवशी मुरगूडला निघाले, कुणालाही न कळवता. आईनं शिवलेली दोन टोपडी पिशवीत. वाटेत ते फार बोलत होते. दुसरा पाळणा केला तर दोऱ्यांची भोकं कुठं पाडायची, ते मला बोटानं हवेत काढून दाखवत होते.

आक्काच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारची बाई पायरीवर शेंगा फोडत होती. "पावणं, समदी रानात गेल्यात. म्हातारी बाजाराला. लेकरू आईसंगं हाय. बसा की, पाणी देतो." ती आत गेली. दादा सावलीसाठी गोठ्याकडं वळले, मी त्यांच्या मागं.

पाळणा गोठ्यात होता. जमिनीवर, कडब्याच्या गंजीशेजारी. दोऱ्या काढून घेतलेल्या, त्यांचं दावं झालेलं. आत भुसकट, आणि भुसकटावर एक तांबडी कोंबडी अंडी उबवत बसलेली. दादा उकिडवे बसले. कोंबडीनं त्यांच्या हाताला चोच मारली. त्यांनी हात काढला नाही. पाळण्याच्या बुडाला, मागच्या बाजूला अंगठा दाबून दाबून बघितला.

"ओल धरली न्हाय," ते म्हणाले.

तेवढंच. शेजारीण तांब्या घेऊन आली. दादा पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि तिला म्हणाले, "वैनी, आमी आल्यालं लेकीला सांगू नका. उगंच जिवाला लावून घेईल." ती बाई भली होती. तिनं गोठ्याकडं एकदा बघितलं आणि मान डोलावली. टोपडी पिशवीतच राहिली. परतीच्या गाडीत दादा खिडकीला डोकं लावून बसले. कागल मागं पडल्यावर म्हणाले, "आईला नको सांगू. आक्काला तर कधीच नको."

घरी आई दारातच उभी. "झोपतंय का वो त्यात?"

"झोपतंय की," दादा म्हणाले. "पाय झाडतंय, पाय झाडतंय आणि गप झोपतंय."

आईनं गल्लीभर सांगितलं. हुसेनचाचा मुद्दाम ऐकायला आले, तर दादांनी त्यांना आणखी रंगवून सांगितलं. बाळाची मूठ कडेवर कशी येते, म्हातारीच आता झोका कशी देते. चाचांनी मांडीवर थाप मारली. जन्मभर खोटं काम केलेला माणूस, पण खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, आणि कुठंही फट दिसत नव्हती. त्यानंतर त्यांनी मेथी भिजवली नाही. एका छापखान्यात कागद कापायला जाऊ लागले. घरातला वास हळूहळू गेला. कधी गेला ते आम्हांला कळलंसुद्धा नाही. दादाही गेले, नंतर आई, नंतर चाचा.

भाचा चहा घेऊन आला. माझ्या हातात कप देत म्हणाला, "मावशी, आजोबापण असलंच काहीतरी करायचे ना? मग त्यांच्या हातचं आपल्याकडं काहीच कसं नाही?"

मी आक्काकडं बघितलं. तिला ऐकू आलं होतं.

"पाळणा केलता तुझ्यासाठी," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "ह्येच्यापरास देखणा. तुला एकदाबी त्यात घातलं न्हाय मी. तुझ्या आजीनं आण घातल्याली. समजूत काढतो म्हणून घिऊन गेलो, आणि तिच्यापुढं तोंडच उघडलं न्हाय. भ्यालो. कोंबड्या बसायच्या त्यात. मग चुलीत गेला."

भाचा ट्रे धरून उभाच राहिला. आक्कानं पदरानं चष्मा पुसला, परत घातला आणि माझ्याकडं वळली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं अशी नीट बघत होती.

"दादांस्नी कधी कळलं न्हाय, तेवढं एक बरं झालं. न्हाय का गं?"

चहा गरम होता. मी एक घोट घेतला.

"व्हय, आक्का," मी म्हणाले. "शेवटपर्यंत न्हाय कळलं."